गणपती ते शिमगा: टर्मिनल न उघडता लिनक्स

लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ती वापरायची म्हणजे काळ्या पडद्यावर, अर्थात टर्मिनलवर, कमांड टाइप करत बसायचं, हा समज अजून गेलेला नाही. तो अगदी खोटाही नाही. पण ‘टर्मिनल लागतं का?’ असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघमच येतं. वापरणार कोण, लॅपटॉप कुठला, प्रिंटर कुठला, आणि माहितगार माणूस जवळ नसताना किती महिने काढायचे आहेत, हे कळलं तरच नेमकं सांगता येतं. म्हणून इथे एकच घर घेतलं आहे. घर प्रातिनिधिक आहे. गुहागरपासून देवगडपर्यंत कुठल्याही वाडीत तसं सापडेल. लॅपटॉपचे भाग, अडचणी आणि उपाय मात्र खरोखर जसे असतात तसेच दिले आहेत.

घर आणि यंत्र

गुहागर तालुक्यातली समुद्राकडची वाडी. दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, मागे हापूसची बाग. लॅपटॉप एकच आणि वापरणारे तिघं. आप्पा निवृत्त शिक्षक. देवस्थानचा हिशेब आणि मराठी पत्रव्यवहार त्यांच्याकडे. थोरली सून खोल्यांचं बुकिंग, आंब्याच्या पेट्यांची नोंद, बिलं आणि कुरिअरची लेबलं बघते. नात अकरावी सायन्सला. आप्पांचा धाकटा मुलगा ठाण्याला नोकरीत. तो गणपतीला येतो, मग थेट शिमग्याला. घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ तोच.

लॅपटॉप २०१५-१६ सालचा: इंटेल आय३-५००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालतो. वाय-फायची चिप ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२. प्रिंटर कॅनन एलबीपी२९००, म्हणजे गेली कित्येक वर्षं झेरॉक्सच्या दुकानात आणि पतसंस्थेच्या टेबलावर दिसणारा तो करडा डबा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. हा पाचव्या पिढीचा, त्यामुळे तो रस्ता बंद. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय होती, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. शिवाय लॅपटॉप चालू करून ब्राउझर उघडेपर्यंत चहा होऊन जायचा, त्यावर त्या अपडेटचा काही उपाय नव्हता.

२०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. धाकट्याने अट आधीच ठरवली: गणपतीत बसवायचं ते शिमग्यापर्यंत, म्हणजे मार्चच्या सुरुवातीपर्यंत, आपल्या मदतीशिवाय चाललं पाहिजे. घरात कोणीही टर्मिनल उघडायचं नाही. ही अट पुरी होते की नाही, हेच या प्रकरणात तपासायचं आहे.

आधी कामं मोजली

कुठली लिनक्स घ्यायची हा वाद नंतरचा. पहिल्यांदा वहीत कामं लिहून काढली आणि प्रत्येकासमोर ‘ब्राउझरमध्ये होतं का’ एवढंच लिहिलं. बुकिंगच्या साइट, बँक, व्हॉट्सअॅप वेब, यूट्यूब, वीजबिल, डिजिटल सातबारा, मुलीच्या क्लासचे व्हिडिओ ही सगळी कामं ब्राउझरची, आणि क्रोम-फायरफॉक्स विंडोजवर जसे तसेच इथे. उरली चार: मराठी टायपिंग, पेट्यांची एक्सेल फाईल, आप्पांची जुनी पत्रं आणि प्रिंटर. नंतर जो वेळ गेला, तो यांतल्या तिघांपायी आणि वाय-फायपायी. एक्सेलने काहीच त्रास दिला नाही.

यादीत काय नव्हतं, हेही तितकंच महत्त्वाचं. टॅली नव्हतं. बोटांचे ठसे घेणारं आधारचं यंत्र नव्हतं. त्यांची सॉफ्टवेअरं व्यवहारात विंडोज किंवा अँड्रॉईड धरूनच बनतात. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन नव्हतं. कोरलड्रॉ, फोटोशॉप नव्हतं. यांपैकी एक जरी रोज लागत असतं, तर धाकट्याने लिनक्सचा विषय तिथेच सोडायला हवा होता. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर वाइन नावाच्या सॉफ्टवेअरमधून ओढूनताणून चालवत बसणं म्हणजे ज्या टर्मिनलपासून पळायचं त्याच्याच दारात जाऊन बसणं.

निवड झाली लिनक्स मिंटची. तेव्हाची आवृत्ती २२.१, मुळात उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. मिंट घ्यायचं कारण देखणेपणा नव्हे. ड्रायव्हर (एखादा भाग किंवा उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर), अपडेट, भाषा, प्रिंटर आणि जुन्या स्थितीवर परत जाणं, या प्रत्येकासाठी तिथे खिडकी आणि बटण आहे. ४ जीबी रॅमवर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घेतलेली बरी; ८ जीबी असेल तर नेहमीची सिनॅमन आरामात चालते.

चिपळूणची एक फेरी

दोन वस्तू आणल्या. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि ४ जीबीची डीडीआर३एल रॅम. त्या ‘एल’कडे लक्ष हवं: हा प्रोसेसर १.३५ व्होल्टची पट्टी मागतो, दुकानदाराने साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ दिली तर परत करायची. मागचं झाकण उघडलं तेव्हा पंख्यावर खारट दमट धुळीचा थर होता, तो मऊ ब्रशने काढला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या लॅपटॉपची ही सफाई वर्षातून एकदा व्हायला हवी. नाहीतर यंत्र तापून मंद होतं आणि बोल सॉफ्टवेअरला लागतो.

जुनी हार्ड डिस्क पुसली नाही. ती यूएसबी केसिंगमध्ये घातली. त्यातून तीन गोष्टी साधल्या. सगळे जुने फोटो-कागद जागच्या जागी राहिले, पुढे बॅकअपला डिस्क मिळाली, आणि काही बिनसलंच तर दोन स्क्रू काढून ती परत आत बसवली की विंडोज होतं तसं हजर. दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर ठेवण्यापेक्षा घरच्या माणसांसाठी हे कितीतरी सुरक्षित.

डिस्क काढण्याआधी विंडोज नीट बंद करायचं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन. साध्या शट डाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपतं, आणि मग ती डिस्क लिनक्सवर फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर तेही आधी बंद करायचं.

पेनड्राइव्हवरून तालीम

८ जीबीचा पेनड्राइव्ह. मिंटची फाईल ३ जीबीच्या आसपास. ती विंडोजवरच रूफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहिली. चालू करताना बूट मेनूची कळ दाबायची. बऱ्याच कंपन्यांची एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. पेनड्राइव्हवरून मिंट पूर्ण चालतं, डिस्कला हात न लावता. बहुतेक जण डेस्कटॉप दिसला की हरखतात आणि ‘इन्स्टॉल’वर क्लिक करतात. तिथेच चुकतं. आधी अर्धा तास तपासणी करायची: वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, उजेडाच्या कळा, झाकण मिटून उघडल्यावर जाग येते का, आणि प्रिंटरवर खरोखर एक पान छापून.

या घरात दोन गोष्टी अडल्या. वाय-फाय दिसेचना, आणि प्रिंटरचं नाव दिसलं पण पान निघेना.

वाय-फायचं कोडं असं, की ड्रायव्हर घ्यायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. उपाय खिशातच असतो. अँड्रॉईड फोन केबलने जोडायचा, हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं; लिनक्स त्याला वायरचं नेटवर्क समजतं, काही बसवावं लागत नाही. सिस्टिम एसएसडीवर बसवून झाल्यावर हेच केलं. मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडला, ब्रॉडकॉमचा ‘शिफारस केलेला’ ड्रायव्हर निवडला, पासवर्ड दिला, झालं.

झालं, पण चाललं नाही. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे मान्यता नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय, चालू होतं. अशा वेळी ड्रायव्हर बसताना एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो: कुठलीही कळ दाबा, नाहीतर काही सेकंदांत पुढे जातो. मंडळी आरतीला उठली आणि पडदा निघून गेला. ड्रायव्हर आहे पण त्याला आत घेतलेलं नाही, अशी स्थिती. इंटरनेटवर याची उत्तरं शोधली तर दहापैकी नऊ टर्मिनलची सापडतात. खरं तर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये तो ड्रायव्हर काढून पुन्हा लावला, नवा पासवर्ड दिला, आणि रीस्टार्टला समोर बसून ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’ एवढं केलं की पुरतं. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करणं हा दुसरा मार्ग. घरगुती लॅपटॉपला तोही चालून जातो.

प्रिंटर

या प्रकरणात टर्मिनल एकदाच उघडलं गेलं, प्रिंटरपायी, आणि तेही फुकट गेलं.

एलबीपी२९०० हा प्रिंटर कॅननच्या कॅप्ट नावाच्या खासगी भाषेत बोलतो. पानाचं बहुतेक गणित कॉम्प्युटरने करून द्यायचं, प्रिंटरने नुसतं छापायचं. लिनक्ससाठी कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर आहे, पण तो जुन्या वळणाचा: ३२ बिटच्या लायब्रऱ्या मागतो, एक वेगळी सेवा सतत चालू ठेवावी लागते, आणि सगळी मांडणी कमांड देऊन. मुक्त स्रोतातला दुसरा एक ड्रायव्हर आहे, तो मूळ कोडपासून स्वतः तयार (कंपाइल) करावा लागतो. धाकट्याने पहिला प्रयोग रात्री दोन तास केला. एक पान निघालं. सकाळी लॅपटॉप चालू केला तर प्रिंटर पुन्हा मुका. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही ठाण्याला गेल्यावर हे मी रोज करायचं का?” प्रश्न बरोबर होता. प्रिंटर पतसंस्थेतल्या ओळखीच्यांना दिला, तिथे विंडोज आहे.

नवा घेताना खोक्यावर एकच गोष्ट बघितली: ‘एअरप्रिंट’ किंवा ‘मोप्रिया’ असं लिहिलंय का. हे शब्द फोनसाठी असतात, पण ज्याला फोन ड्रायव्हरशिवाय छापू शकतो त्याला आजचं लिनक्सही बहुधा तसंच छापतं, कारण खालची पद्धत एकच, आयपीपी. प्रिंटर घरच्या वाय-फायवर जोडला की मिंटच्या ‘प्रिंटर्स’मध्ये त्याचं नाव आपोआप येतं. एचपीच्या जुन्या लेझरांची गत मधली आहे. एचपीचं सॉफ्टवेअर मिंटमध्ये असतं, पण १०२० किंवा पी११०८ सारख्या मॉडेलना वेगळा प्लगिन उतरवून घ्यावा लागतो. तो खिडकीतूनही बसतो, फक्त त्या वेळी इंटरनेट हवं. ब्रदर आपल्या साइटवर डेब फाइली देतं, त्या डबल क्लिकने बसतात.

इंकटँक घेतला तर कोकणात दोन पथ्यं. पावसाळ्यात पाहुणे नसतात, प्रिंटर आठवडेच्या आठवडे बंद राहतो आणि शाईची तोंडं सुकतात. दर रविवारी एक रंगीत पान छापायचं. आणि कागदाचं रीम उघडं ठेवायचं नाही. जून ते सप्टेंबर कागद दमट होऊन वळतो, प्रिंटर दोन-दोन पानं ओढतो. मग ‘लिनक्समुळे पेपर जॅम होतो’ असा शोध लागतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं की शोध बंद.

आप्पांचं मराठी

मराठी टाइप करायला टर्मिनल लागत नाही, पण दोन वेगळे दरवाजे आहेत हे माहीत हवं. पहिला सोपा: कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘लेआउट्स’, त्यात भारतीय भाषांखाली मराठीचा इन्स्क्रिप्ट किंवा क-ग-प फोनेटिक जोडायचा. काही उतरवावं लागत नाही. इन्स्क्रिप्टवर र हे अक्षर ‘जे’च्या कळीवर आणि शिफ्टसह ऱ, त्यामुळे ‘वाऱ्यावर’ आणि ‘दऱ्या’ नीट उमटतात. फोनेटिक वापरणाऱ्यांचं घोडं नेहमी इथेच अडतं.

आप्पांचा हात मात्र टाइपरायटरवर बसलेला. त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आयबस-एम१७एन शोधून बसवायचं, मग ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडायचं, लॉग आउट करून परत यायचं, आणि आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठीखालच्या यादीतून हवी ती पद्धत जोडायची. त्या यादीत इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक यांच्याबरोबर रेमिंग्टन, टाइपरायटर आणि चक्क गमभनही आहे. लॉग आउट करायला विसरलं की काहीच बदललेलं दिसत नाही आणि माणूस वैतागून सोडून देतो.

मिंटवर एमएस ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस असतं, त्यात आणखी एक गाठ. मराठी मजकूर निवडून अक्षर मोठं केलं तरी कधी कधी काही होत नाही, कारण लिब्रेऑफिस लॅटिन आणि देवनागरी मजकुराचे फाँट आणि आकार वेगळे धरतं. टूल्स, ऑप्शन्स, भाषांचं पान, तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण आणि समोर मराठी. एवढं एकदा केलं की फॉरमॅटच्या खिडकीत देवनागरीचा वेगळा रकाना दिसतो. मंगल फाँट मायक्रोसॉफ्टचा असल्याने तो इथे नसतो, त्याच्या जागी लोहित किंवा नोटो येतो, ओळी थोड्या सरकतात. म्हणून तहसीलला किंवा बँकेला पाठवायचं पत्र पीडीएफ करूनच पाठवायचं.

जुनी पत्रं हे दुखणं निराळं. ती श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये होती. उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. हा दोष लिनक्सचा नाही. तो फाँट नसेल तर विंडोजवरही हेच दिसेल. उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. जोडाक्षरांच्या चुका हाताने दुरुस्त कराव्या लागतात, त्यामुळे आप्पांनी लागतील तेवढीच पत्रं बदलायची असं ठरवलं.

वहिनींची पेट्यांची फाईल, पेटी नंबर, डझन, आकार, गिऱ्हाईक, येणं बाकी, ही कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलमध्ये, पहिल्या फटक्यात उघडली. कॅलिब्री नसला तरी त्याच्याच मापाचा कार्लिटो असतो, रकाने हलले नाहीत. फाईल एक्सएलएसएक्स म्हणूनच जतन करायची सवय लावली, कारण ती सीएकडे जाते. फाईलमध्ये मॅक्रो (आत लिहिलेले छोटे प्रोग्राम) असते तर गोष्ट वेगळी होती.

घरात सोडून जाण्याआधी

इंटरफेसची भाषा इंग्रजीच ठेवली. मराठी भाषांतर अर्धवट आहे, मेनू मराठी आणि आतली खिडकी इंग्रजी असा घोळ होतो, आणि फोनवरून सांगताना दोन्हीकडची नावं जुळत नाहीत.

आप्पांना सुरुवातीला पासवर्ड नको होता म्हणून ऑटोमॅटिक लॉगिन लावलं. लगेच क्रोम उघडताना ‘कीरिंग’चा पासवर्ड मागायला लागलं, रोज. कारण साधं आहे: लॉगिनच्या पासवर्डनेच ती किल्ल्यांची पेटी उघडते, लॉगिन टाळलं तर ती वेगळी मागते. ‘पासवर्ड्स अँड कीज’मध्ये जाऊन तिचा पासवर्ड रिकामा करता येतो, पण पाहुण्यांच्या येण्याजाण्याच्या घरात बँकेचे पासवर्ड उघडे ठेवणं बरं नव्हे. ऑटोमॅटिक लॉगिन काढून टाकलं.

टाइमशिफ्ट, म्हणजे जुन्या स्थितीवर परत जाण्यासाठी सिस्टिमची प्रत ठेवणारं साधन, लावलं: आठवड्याला एक, दोन प्रती ठेवायच्या. ते फक्त सिस्टिम जपतं, फोटो-कागद नाही. त्यासाठी जुनी हार्ड डिस्क, महिन्यातून एकदा जोडून फाइली ओढायच्या. व्हॉट्सअॅपला मिंटच्या ‘वेब अॅप्स’मधून वेगळं चिन्ह करून दिलं. फोनवरचे फोटो घ्यायला वॉर्पिनेटर, दोन्हीकडे एकच वाय-फाय असलं की पुरे. अपडेट मॅनेजरमध्ये ‘ऑटोमेशन’ची दोन बटणं चालू केली: अपडेट आपोआप लागावेत, जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा असलेले भाग) आपोआप निघावेत. यातलं पहिलं बटण चालू करणं ही चूक होती.

ऑक्टोबर

परतीच्या पावसात दुपारी कडकडाट सुरू झाला आणि लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी नव्हती. त्याच वेळी मागे गुपचूप अपडेट चालू होतं, हे कोणाला दिसणार? संध्याकाळी बटण दाबलं तर काळा पडदा, ‘इनिटरॅमएफएस’ असा शब्द आणि लुकलुकणारी रेघ. लिनक्सची हीच ती भीती, घरात येऊन उभी.

अर्थ असा, की डिस्कवरची नोंद अर्धवट राहिली आहे आणि सिस्टिम आपण होऊन ती दुरुस्त करायला धजत नाही. या पडद्यावर एक कमांड दिली की काम होतं, आणि धाकट्याने ती फोनवर सांगितलीही असती. पण दुसरा रस्ता होता. मिंटचा पेनड्राइव्ह कपाटात होता. त्यावरून लॅपटॉप चालू केला, मेनूतून ‘डिस्क्स’ उघडलं, डावीकडे एसएसडी, उजवीकडे सगळ्यांत मोठा भाग, खालचं चाकाचं चिन्ह, ‘रिपेअर फाइलसिस्टिम’. हे नातीने केलं, आप्पा फोन धरून बसले होते. दोन मिनिटांत झालं. पेनड्राइव्हवरूनच का, तर चालू सिस्टिमचा भाग स्वतःला दुरुस्त करू शकत नाही.

डेस्कटॉप आला, पण अपडेट मॅनेजर रुसलेला: आधीचं काम अर्धवट आहे, अमुक कमांड द्या. इथेही वळसा आहे. रीस्टार्ट करून एस्केप दाबायचं (जुन्या बायोसवर शिफ्ट), ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘रिकव्हरी मोड’, आणि येणाऱ्या यादीत ‘डीपीकेजी’ची ओळ: मोडलेली पॅकेजं दुरुस्त करा. बाण आणि एंटर, टाइप काही नाही. पडदा करडा-काळाच असतो, म्हणून लोक याला टर्मिनल समजून घाबरतात. तेही न जमलं तर टाइमशिफ्टची मागच्या आठवड्याची प्रत होतीच. ती पेनड्राइव्हवरूनही लावता येते.

यानंतर दोन बदल झाले. अपडेट आपोआप लागणं बंद केलं. वहिनी रविवारी सकाळी, आभाळ बघून, स्वतः बटण दाबतात. आणि लॅपटॉपची नवी बॅटरी मागवली, जी खरं तर रॅमच्या आधी घ्यायला हवी होती. ज्या किनाऱ्यावर पावसाळी वीज आठ-आठ तास जाते आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर काही भाग आठवडेच्या आठवडे अंधारात होते, तिथे बॅटरी हा लॅपटॉपचा शोभेचा भाग नव्हे. बॅटरी मेलेली असेल तर आपोआप अपडेट कोणत्याच सिस्टिमवर लावू नयेत.

दिवाळीच्या सुट्टीत नातीने २२.१ वरून २२.२ केलं, अपडेट मॅनेजरच्या ‘एडिट’ मेनूतल्या एका ओळीवरून, आधी टाइमशिफ्टची प्रत घेऊन. एकदा कर्नलच्या अपडेटनंतर वाय-फाय गायब झालं. ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडला, वाय-फाय परत आलं, फोनची केबल लावून ड्रायव्हर पुन्हा बसवला. जुने कर्नल सगळेच काढून टाकू नयेत ते याचसाठी.

मग सगळे टर्मिनलच का सांगतात?

कारण सांगणाऱ्याला ते सोपं. ‘वरच्या उजव्या कोपऱ्यातलं तिसरं चिन्ह’ हे आवृत्तीगणिक बदलतं, कमांडची एक ओळ बदलत नाही आणि जशीच्या तशी चिकटवता येते. सांगणाऱ्याची ही सोय आहे, वापरणाऱ्याची गरज नव्हे. व्हॉट्सअॅपवरून कमांड पाठवण्यात तर धोकाच: दोन ताऱ्यांमधला मजकूर ते ठळक करतं आणि तारे खाऊन टाकतं, मग तीच ओळ भलतंच काही करते. धाकट्याने त्याऐवजी लांबून पडदा बघता येणारं रस्टडेस्क बसवून दिलं. आकडा आणि पासवर्ड वहिनींनी फोनवर सांगितला की ठाण्याहून पडदा दिसतो. सहा महिन्यांत ते दोनदा लागलं, दोन्ही वेळा लिब्रेऑफिससाठी.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: लॅपटॉपचा पासवर्ड कुठे लिहिलाय, बूट मेनूची कळ, डिस्क दुरुस्तीच्या पाच पायऱ्या, यूएसबी टेदरिंग कुठे आहे, प्रिंटरचा वाय-फाय पासवर्ड. पेनड्राइव्ह सातबाऱ्याच्या फाईलबरोबर स्टीलच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसह, गंज चढू नये म्हणून.

शिमग्याला धाकटा आला तेव्हा त्याच्यासाठी उरलेलं काम एकच होतं, आणि तेही आजचं नव्हतं. २२ ची मालिका २०२९ मध्ये थांबेल. मोठ्या आवृत्तीवर जाण्याचं मिंटचं साधन, निदान २१ वरून २२ वर जाताना, टर्मिनलमधूनच सुरू करावं लागत होतं. पुढची सगळी पावलं खिडकीत, पण दार तिथेच. त्या वेळी ते बदललं नसेल, तर होम फोल्डर जुन्या डिस्कवर उतरवून, नव्या आवृत्तीच्या पेनड्राइव्हवरून पुन्हा पहिल्यापासून बसवायचं. एसएसडीवर याला अर्धा तास लागतो, म्हणजे सकाळची आरती आणि नैवेद्य यांच्यामध्ये उरकण्यासारखं. वहिनींनी आधीच सांगून ठेवलंय, गौरी जेवतील त्या दिवशी नको.